टाचेचा रकाना

यंदा परंड्याच्या आसपास ज्वारी चांगली आलीय. सकाळी किल्ल्याच्या बाजूनं चालायला गेलं, की खंदकापलीकडच्या रानातून वारा येतो आणि त्या वाऱ्याला भरत आलेल्या कणसांचा वास असतो. दुधाचा म्हणावा तर दुधाचा नाही, गवताचा म्हणावा तर गवताचा नाही. हा वास आला की लोकांना हुरडा आठवतो. मला परीक्षा आठवते. परीक्षेच्या मागोमाग कौसल्या आठवते, आणि तिच्या मागून तो जुना, ओळखीचा जळफळाट छातीत येऊन बसतो. सत्तरी जवळ आली, तरी त्याला माझं घर बरोबर सापडतं.

परवा माझ्या पुतणीची मुलगी सुट्टीला आली होती. पेपर वाचता वाचता म्हणाली, "आजी, परदेशातली विद्यापीठं आता आपल्याकडे शाखा काढणार म्हणे. तिकडचीच पदवी, इथं बसून."

"आमच्या गावच्या माळावर होती की एक," मी म्हणाले.

"कुठल्या माळावर?"

"बेंबळीच्या पुढं. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची."

तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि पेपरचं पान उलटलं. शाखेचं सांगायला घेतलं, की कौसल्येचं सांगावं लागतं. आणि तिचं सांगताना माझा आवाज बदलतो, हे माझं मलाच ऐकू येतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे आधी रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, मग मदतीची सुकडी आली, मग खडी फोडायची कामं आली. आणि सगळ्यांच्या मागून, पाऊस पडून दोन वर्षं झाल्यावर, विद्यापीठ आलं. तिकडचं सरकारी विद्यापीठ, कोरडवाहू जमिनीवर संशोधन करणारं. आमच्यासारख्या कोरड्या मुलखांत त्यांनी दोन-तीन देशांत छोट्या शाखा काढल्या होत्या. वर्षाचा अभ्यासक्रम, शेवटी एक प्रबंध, आणि सगळ्या शाखांतून दरवर्षी एका विद्यार्थ्याला मुख्य विद्यापीठात पुढं शिकायला न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. इमारत म्हणाल तर पत्र्याच्या दोन शेड. एका शेडमध्ये तराजू आणि माती वाळवायची भट्टी, दुसऱ्यात मार्गाबाई राहायच्या. उस्मानाबादच्या पेंटरकडून पाटी रंगवून आणली होती: 'सागरपार शाखा'. गावातल्या विहिरी तेव्हा मार्गशीर्षातच तळाला लागायच्या. येणारा-जाणारा ती पाटी वाचून म्हणायचा, "सागर ऱ्हाऊ द्या, आदी घागर तर भरू द्या."

मार्गाबाईंचं खरं नाव मार्गारेट. चाळिशीच्या, उन्हानं नाक सोललेल्या, हसताना सगळे दात दिसायचे. मराठी बोलायचा त्यांना हौसेचा नाद होता, पण वाचता येत नव्हतं, आणि बोलताना 'तू' सोडून दुसरं काही यायचं नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, सोसायटीचे चेअरमन. साऱ्या गावात त्यांना कुणी अहो-जाहोशिवाय हाक मारत नसे. मार्गाबाई भर सभेत म्हणाल्या, "चेअरमन, तू लई चांगला." गाव गालातल्या गालात हसलं. आप्पांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "बाईंचं खरंय."

वर्ग सोसायटीच्या गोदामात भरायचा. एका भिंतीला खताची पोती रचलेली, त्यांचा तिखट वास डोळ्यांत जायचा. आमच्या प्रबंधांसाठी जी जमीन दिली होती, ती आमच्याच घरची, गावाच्या खालच्या अंगाची काळी. जमीन आमची, गोदाम आप्पांच्या सोसायटीचं, आणि बारा विद्यार्थ्यांत इंग्रजी बोलता येणारी मी एकटी. उस्मानाबादला मावशीकडं राहून मी अकरावी झाले होते, वर्गात पहिली आले होते. त्यामुळं शाखा उघडली त्या दिवसापासून माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं, की ऑस्ट्रेलियाला जाणार ती मी. आप्पा जाऊ देतील का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. हक्क आधी हवा होता, परवानगीचं नंतर बघू.

मुली आम्ही दोघीच. मी, आणि बौद्ध वस्तीतली कौसल्या. तिचे वडील बांधकाम खात्यात मैलकुली, उस्मानाबादच्या रस्त्यावर डांबर टाकायचे. तिनं मॅट्रिक कळंबला बोर्डिंगात राहून केलं होतं. दुष्काळात शाळा सोडून वर्षभर आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली होती आणि मग परत जाऊन परीक्षा दिली होती. उंच, हाडकुळी, कपाळ मोठं. इंग्रजी तिला वाचता येईना असं नाही, पण शब्दापाशी अडखळायची. तिच्याकडे पाहून मला सुरुवातीला बरंच वाटायचं. सोबत झाली, आणि भीती काही नाही.

आम्हाला प्रत्येकाला काळीतला एकेक पट्टा मिळाला होता. रब्बीची ज्वारी पेरायची आणि जमिनीतली ओल किती दिवस टिकते, ते पाहायचं. गिरमिटानं खोलातली माती काढायची, डबीत भरायची, वजन करायचं, भट्टीत वाळवून परत वजन करायचं. काळी जमीन वाळत चालली की तिला भेगा पडतात, आणि भेगांतून उरली ओल निघून जाते. म्हणून कोळपणी करून भेगा बुजवायच्या. हे सगळं पुस्तकात होतं. मी ते पुस्तक वाचलं होतं. भेगा पडल्या की मी गडी लावून कोळपून घ्यायचे आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचे.

एका सकाळी मार्गाबाई वह्या तपासत रानात आल्या. पौष लागला होता, ज्वारी छातीला आली होती, बांधावर करडई फुलली होती. कौसल्येची वही उघडून त्या थांबल्या. तिच्या तक्त्यात आमच्यासारखेच तीन रकाने होते, तारीख, ओल आणि भेगेची रुंदी. पण चौथा एक रकाना तिनं स्वतः आखला होता. त्यावर लिहिलं होतं, 'टाच'.

"हे काय?" बाईंनी विचारलं. आमचे जाधव सर, परभणीकडचे, बाईंचं इंग्रजी आम्हाला आणि आमचं मराठी बाईंना करून सांगायचे. ते पुढं झाले. पण कौसल्येनं सरांकडे पाहिलंच नाही. ती बाईंनाच सांगायला लागली.

"बाई, रोज सकाळी टाच दाबून बगायची. मऊ असती, मग कडक व्हती. आन् मग एक दिवस बोलती."

"बोलती?"

कौसल्येनं पाय उचलला आणि पट्ट्यात एका जागी टाच आपटली. मग चार पावलं पुढं जाऊन दुसरीकडं आपटली. दुसरा आवाज वेगळा होता. मातीखाली रिकामा डेरा पुरून ठेवावा, तसा.

"हितं अजून भेग न्हाय," ती म्हणाली. "पर चार-पाच दिसात पडंल. वर दिसायच्या आदी जिमीन आतून सुटती. म्या भेग पडायची वाट बगत न्हाय. बोलली की त्याच दिवशी कोळपते."

"हे तुला कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कुणी न्हाय. तलावाच्या कामावर दिसभर अनवाणी हुबं ऱ्हायचो. कुठं कुदळ सोपी जाती ते पायाला कळायचं. हितं आल्यावर गिरमिटाच्या आकड्याशी ताडून बगितलं. जुळतंय."

मार्गाबाईंनी वहीतले आकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिलं. तिची ज्वारी आमच्यापेक्षा हिरवी होती, हे तोवर कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं. बाईंनी बूट काढले, मोजे काढले, आणि ते पांढरेफटक पाय काळ्या मातीत टेकवून त्या टाचा आपटत पट्टाभर फिरल्या. पोरं खो-खो हसली. सरही हसले. मी हसले नाही. त्या सकाळी बाईंनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलंच नाही. माझी वही मी दोन्ही हातांनी पुढं धरून उभी होते.

तेव्हापासून सुरू झालं. कौसल्या बोलायची तेव्हा मला तिचे शब्द ऐकू यायचे नाहीत, बाईंची मान कशी हलते तेच दिसायचं. तिच्या वहीचं पुट्ठा लावून शिवलेलं बाड, कपाळावरचा घाम मनगटानं पुसायची तिची सवय, सगळ्याचा मला राग यायचा. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की ती माझ्याशी चांगली वागायची. माझ्या डब्या उचलून भट्टीपर्यंत न्यायची. एकदा रानात कुणी नाही असं पाहून मी चपला काढल्या आणि माझ्या पट्ट्यात टाच आपटली. पाच ठिकाणी आपटली. मला फक्त गारठा लागला आणि एक ढेकूळ रुतलं. पाय पुसून मी चपला घातल्या, आणि त्या क्षणी मला कळलं की कौसल्या माझ्या पुढं आहे. कळलं आणि ते मला सोसेना.

तिकडचं दुसरं सत्र आपल्या आषाढाच्या सुमाराला सुरू होतं आणि निवड त्याआधी व्हायची, त्यामुळं प्रबंध ऐन माघात, काढणीच्या दिवसांत द्यायचे होते. रानोरान ज्वारी उपटणं चाललेलं, पेंढ्यांच्या ओळी पडलेल्या, सकाळी नऊलाच हवेत बारीक भुसा उडायचा आणि अंगाला खाज सुटायची. प्रबंध मराठीत लिहिला तरी चालायचा. सर त्याचं इंग्रजी करत आणि ते टंकून बाई विमानानं पाठवत. पण त्या माघात सरांना कावीळ झाली. ते उस्मानाबादला दवाखान्यात पडले. टपाल निघायला चार दिवस उरले होते. दहा मुलांचे प्रबंध सरांनी आधीच उरकले होते, माझा मी इंग्रजीतच लिहिला होता. राहिला होता एक.

मार्गाबाईंनी आम्हा दोघींना गोदामात बोलावलं. त्या अवघडल्या होत्या. इंग्रजीत मला म्हणाल्या, की हे भाषांतर तुला सांगणं बरोबर नाही, कारण तूही त्याच जागेसाठी आहेस, पण दुसरं कुणी मला दिसत नाही. कौसल्येला काय चाललंय ते उमगलं. ती म्हणाली, "सुमन करंल की. तिच्यापेक्षा कुणाला चांगलं येतंय?"

दोन दिवस मी गोदामात टंकलेखन यंत्रापुढं बसून होते. कौसल्या त्या दिवसांत आमच्याच रानात मजुरीनं ज्वारी उपटायला जात होती. तिची अठरा पानं माझ्यापुढं होती, ठसठशीत अक्षरातली. पहिलं पान वाचलं आणि सगळीच वाचून काढली. माझ्या आयुष्यात मी नंतर पुष्कळ वाचलं, पण तसं कुणी मातीविषयी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. एकही वाक्य सजवलेलं नव्हतं. 'मी दररोज सूर्य उगवायच्या वेळी टाच दाबून पाहिली. मला असं दिसलं.' पानामागून पान, 'मी पाहिलं', 'मला दिसलं', 'मी परत पाहिलं'.

मी ठरवून काही केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. बोटं 'मी' पाशी थांबली, एवढंच. आणि मग मी टंकलं, की स्थानिक शेतकऱ्यांची अशी समजूत आहे की पायाच्या स्पर्शानं ओल ओळखता येते. वाक्य छान उमटलं. पुस्तकी, भारदस्त. एकदा तसं जमल्यावर पुढचं सोपं गेलं. 'मी पाहिलं' जिथं जिथं होतं, तिथं तिथं 'शेतकरी मानतात' आलं. तक्त्यापाशी आले तेव्हा चार रकाने कागदाच्या रुंदीत बसणार नाहीत असं मला वाटलं, म्हणून मी तीनच टंकले. बसले असते. चार काय, पाच बसले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सही करायला आली. रानातून तशीच आली होती, केसांत ज्वारीचा भुसा, तळहात धाटांनी चिरलेले. यंत्रातून काढलेल्या कागदांकडे तिनं कौतुकानं पाहिलं.

"माझं हाय व्हय हे सगळं?" ती म्हणाली. "कसलं दिसतंय गं!" आणि मग, "सही कुठं करू?"

मी बोट ठेवलं. तिनं साडीला हात पुसला आणि मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

निकाल चैत्राच्या शेवटी आला. ती जागा कुठल्याशा दुसऱ्या देशातल्या शाखेला गेली होती. आमच्यापैकी कुणाचीच निवड झाली नव्हती. प्रत्येक प्रबंधावर दोन ओळींचा शेरा होता. बरे होऊन आलेले जाधव सर एकेक शेरा मराठीत सांगत होते. माझ्यावर होतं, भाषा उत्तम, निरीक्षणं पुस्तकातली. कौसल्येवर होतं, स्थानिक समजुतींचा चांगला संग्रह, मात्र विद्यार्थिनीचा स्वतःचा अभ्यास दिसत नाही.

"समजुती?" कौसल्या म्हणाली. "सर, समजुती म्या कुठं लिहिल्या?"

"तिकडच्या लोकांचं काय सांगावं," सर म्हणाले. मार्गाबाईंनी टपालाच्या घाईत तो प्रबंध न वाचताच पाठवला होता; त्या गोंधळून वहीतला टाचेचा रकाना आठवून काहीतरी विचारत होत्या, सर त्यांना समजावत होते, आणि मी पोत्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभी होते. मूळ अठरा पानं मी गोदामाच्या फळीवर ठेवली होती. त्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि त्यांचा लगदा झाला. ते मात्र माझ्या हातून झालं नाही. पण झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथं लिहून ठेवते.

जागा मला मिळाली नव्हती, तरी तिलाही मिळाली नव्हती. मला वाटलं होतं, आता जळणं थांबेल. थांबलं नाही, कारण ज्येष्ठात कौसल्या आमच्या दारात आली आणि म्हणाली, "मला इंग्रजी शिकव. पुढल्या साली म्या माझं मीच लिहिणार."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. ती रोज संध्याकाळी यायची, ओट्यावर बसायची. आई तिला कान तुटलेल्या कपात चहा द्यायची, तो कप वेगळा कोनाड्यात असायचा. दोन दिवस तिनं घेतला, तिसऱ्या दिवसापासून "चहा नको काकू, पिऊन आले" म्हणू लागली. मला सगळं दिसत होतं आणि मी आईला काही बोलले नाही. तिची शिकायची पद्धत म्हणजे गिरमिट. एकेका शब्दात खोल जायची आणि तळाची माती बघितल्याशिवाय वर यायची नाही. श्रावणापर्यंत ती वाक्यं लिहू लागली. मी तिच्या चुका लाल शाईनं दाखवायचे, आणि चूक सापडली की मला आनंद व्हायचा. दर आठवड्याला तो आनंद कमी होत गेला.

भाद्रपदात एक दिवस ती पातळ, निळसर कागद घेऊन आली. तिच्या प्रबंधाची कार्बन प्रत. बाईंच्या फायलीतून मागून आणलेली.

"हे वाचायचंय," ती म्हणाली.

एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं वाचलं. मी तिच्या बोटाकडे पाहत होते. एका शब्दापाशी बोट थांबलं.

"बिलीव्ह म्हंजी काय?"

"मानणं. समजूत असणं."

"म्या तर लिहिलं व्हतं, म्या बगितलं."

मी म्हणाले, "इंग्रजीत अशा लिखाणात 'मी' असं लिहीत नाहीत." माझा आवाज किती शांत होता, याचं मला अजून नवल वाटतं.

"आन् टाच?"

"तिला तिकडं शब्द नाही."

तिनं कागदाची घडी घातली आणि उठली. चार दिवस आली नाही. ते चार दिवस माझे कसे गेले, मलाच माहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी परत आली, ओट्यावर बसली, वही उघडली. "शिकव पुढं," म्हणाली. "दुसरं कोण हाय हितं?"

त्या रब्बीला तिनं तोच प्रयोग पुन्हा केला. माझं लग्न परंड्याच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. ऑस्ट्रेलियाचं नाव मी घरात काढलंही नव्हतं, आणि आप्पांनीही विचारलं नव्हतं. माघात तिनं स्वतः इंग्रजीत लिहिलेला प्रबंध माझ्याकडे आणला. "फकस्त स्पेलिंग बग," म्हणाली. व्याकरण मोडकंतोडकं होतं, आणि पानापानावर 'मी' होता. मी चालले, मी दाबलं, मी ऐकलं. टाचेला शब्द नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून तिनं शब्दकोशात स्वतः शोधला होता. पण 'हील' लिहिताना एका अक्षराची चूक झाली होती, आणि टाच या शब्दाचं 'बरं होणं' झालं होतं. उच्चार तोच, अर्थ भलताच. मी रोज सकाळी जमिनीवर माझं बरं होणं दाबत होते, असं ते वाक्य. वाचून तिकडचे पोट धरून हसले असते.

लाल शाईचं पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले होते. ती समोर शेंगा सोलत होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. प्रबंधात तो शब्द सत्तावीस वेळा आला होता. मी सत्तावीस ठिकाणी दुरुस्त केला. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं चांगलं ते एवढंच, आणि तेही दात-ओठ खात केलेलं.

तिची निवड झाली. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. ती तिकडं शिकली, पीएचडी झाली, बरीच वर्षं तिथं राहिली, मग परत येऊन आपल्याकडच्या एका कृषी विद्यापीठात नोकरीला लागली. रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात कधीमधी तिचा आवाज यायचा, आणि मी दुसरं स्टेशन लावायचे. 'ऐकू द्या की,' असं एकदा सासरे म्हणाले, तर मी सेल संपत आलेत असं सांगितलं. शाखा काही वर्षांनी बंद झाली. मार्गाबाई दुसऱ्या कुठल्या कोरड्या देशात गेल्या. शेडमध्ये दूध सोसायटीचं संकलन केंद्र आलं. मी परंड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. चांगली शिकवायचे, असं लोक म्हणतात.

पण मला सांगायची आहे ती एक दुपार. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. कौसल्या परदेशी निघायच्या आदल्या आठवड्यात एसटीनं परंड्याला आली, फक्त मला भेटायला. घरात मी एकटीच होते. बाहेर उन्हाचा कडाका, समोरच्या दुकानदारानं फळ्या लावून घेतलेल्या. मी चहा केला. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो. ती पासपोर्टचं सांगत होती, आईला विमानाची भीती वाटते ते सांगत होती. मी हसत होते आणि माझ्या आतून काहीतरी किसत चाललं होतं.

बोलता बोलता ती थांबली.

"सुमन, एक इचारू?"

"विचार की."

"ते पयलं, मराठीतलं. पानं तर भिजून गेली. बाईला मराठी वाचता येत न्हाय, सर आजारी व्हते. सबंध असं ते तू एकटीनंच वाचलंस. कसं व्हतं गं ते?"

मी म्हणू शकले असते, चांगलं होतं. एवढं म्हणून भागलं असतं. पण तिनं ते ज्या तोंडानं विचारलं, त्यात माझ्यावर काही आळ नव्हता. ती खरंच विचारत होती. एखादी आई, लहानपणीच गेलेल्या लेकराला पाहिलेल्या माणसाला विचारील, तसं.

"लई चांगलं होतं," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. म्हणून तर मी ते बिघडवलं."

तिनं कप खाली ठेवला.

"बिघडवलं?"

"मुद्दाम. 'मी' लिहिता येतं इंग्रजीत. टाचेचा रकानाही बसत होता."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिच्या घंटीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. कौसल्या माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. गिरमिटाच्या टोकाला आलेली माती ती जशी बोटांत घेऊन बघायची, तशी.

"आन् म्या येवढे दिवस समजत व्हते," ती हळू म्हणाली, "की तुझं इंग्रजी कमी पडलं."

मला त्या वेळी शरमेनं खाली बघायला हवं होतं. तिचे पाय धरायला हवे होते. पण झालं ते असं, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं कबूल करून वर हिनं माझ्या इंग्रजीवर शंका घ्यावी! माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "माझं इंग्रजी कमी नव्हतं!"

कौसल्या उठली. पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला. तिची कुर्डुवाडीची गाडी सुटायला अजून वेळ होता, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

"न्हाय," दारातून ती म्हणाली. "इंग्रजी कमी न्हवतं."